रेडिओच्या कपाळचं कुंकू

राजापेठेतल्या दुर्गाबाईंची मुलगी जयवंता त्या संध्याकाळी नागपूर आकाशवाणीवर पहिल्यांदाच गाणार होती. आणि घरचा रेडिओ असा खरखरत होता, की गल्लीतल्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं होतं. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर दुप्पट!

दुरुस्तीला बोलावलेल्या डोमाजी मिस्त्रीनं रेडिओ उघडला. "बाई, बटनात हे लाल काय हाये?"

"कुंकू! दर दसऱ्याले पूजा करतो नं मी त्याची."

"कावून त्याचा गळा दाबून राहिल्या, बाई?"

डोमाजीनं स्पिरिटच्या बोळ्यानं आतली पट्टी पुसली, बटण मागंपुढं फिरवलं. खरखर थांबली आणि जयवंताचा आवाज घरभर झाला. दुर्गाबाईंनी डोळे पुसत कुंकवाचा करंडा उचलला.

डोमाजीनं तो झटकन धरला. "पोरगी आली का तिले लावा, बाई. याले नोका लावू!"