दोनशे दहा डिग्रीचा हात

मध्ये पाच आठवडे कारखान्यात जो उठायचा तो माझ्या उजव्या हाताकडे बघायचा. मनगट बघायचे, बोटं बघायचे, एकाने तर नखांचे फोटो काढले. माणसाचा चेहरा म्हणून काही असतो, हे कुणाच्या गावीच नव्हतं.

आधी माझं काम सांगतो. गाडीच्या सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत एक डबा असतो, त्यात बारीक भोकांचा एक ठोकळा बसवलेला असतो. विषारी धूर त्या भोकांतून जातो आणि बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. ही करामत ठोकळ्याची नाही, भोकांच्या आत दिलेल्या लेपाची. तो लेप देणारा मी. लापशीसारख्या पातळ मिश्रणात ठोकळा बुडवायचा, वर काढायचा, झटकायचा, फुंकून भोकं मोकळी करायची आणि भट्टीत ठेवायचा. मिश्रणाला आम्ही स्लरी म्हणतो. एकतीस वर्षं मी हेच केलं.

लेपात प्लॅटिनम असतं, म्हणूनच तो महाग. इतका महाग, की चोर गाडी सोडून गाडीखालचा तेवढा डबा कापून नेतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक रसायनवाल्या मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, मला असा ठोकळा करायचाय की तो चोरायचा चोरालाच कंटाळा येईल." म्हणजे प्लॅटिनम अजिबात नाही, फक्त तांबं आणि मँगनीज. जुन्या ट्रकवाल्यांना परवडेल, छोट्या कारखान्यांच्या धुराड्यांत बसवता येईल. मला मॅडम तेव्हाच आवडल्या. मला सहसा कुणी आवडत नाही.

त्यांची पावडर जमेपर्यंत इकडे लेप देणारं नवं यंत्र आलं. प्लॅटिनमचं सगळं काम तिकडे गेलं आणि माझी खोली रिकामी पडली. साहेबांनी तोंडभर हसून सांगितलं, की खोली बंद करू आणि मला पॅकिंगला घेऊ. पॅकिंग म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावणं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना चिकटपट्टी! दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, नमुने करायला मला काकांची खोली द्या. खोली तात्पुरती वाचली.

आणि मग तो घोटाळा सुरू झाला.

मॅडमची एकच पावडर, एकच पाककृती. यंत्राने लेप दिलेला ठोकळा तपासणीच्या नळीत ठेवला, तर तीनशे चाळीस डिग्रीला तापल्यावर कुठे काम करू लागला. शहरात थांबत थांबत जाणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही, म्हणजे तो ठोकळा असून नसल्यासारखा. मॅडमनी स्वतः प्रयोगशाळेत बुडवलेला, तोही तीनशे चाळीस. आणि मी बुडवलेला, दोनशे दहा.

तपासणीवाल्याने काटा ठोकून पाहिला. पुन्हा लावला. दोनशे दहा.

"काकांच्या हातात काहीतरी आहे," मॅडम म्हणाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, नाही कशाला म्हणू? साहेब जातीने खोलीत आले आणि म्हणाले, असं असेल तर खोली बंद करायचा प्रश्नच येत नाही. महिन्याभराने एका गुरुवारी ट्रकवाल्यांची मोठी मंडळी बघायला येणार होती. त्यांना माझे तीन ठोकळे दाखवायचं ठरलं.

पण हातात आहे तरी काय, हे कुणाला कळेना. माझ्यावर कॅमेरा लावला. मी किती सेकंद बुडवतो, कोणत्या कोनात झटकतो, सगळं मोजून यंत्राला शिकवलं. यंत्र माझ्यासारखं झटकू लागलं, अगदी शेवटचा तो छोटा हिसकासुद्धा. तीनशे चाळीस. माझ्या खोलीतलं पाणी यंत्राला दिलं. तीनशे चाळीस. मॅडमनी खोलीतली हवा तपासली, भट्टी तपासली, हात धुण्याचा माझा साबण नेला. तो अजून परत आलेला नाही. शेवटी म्हणाल्या, "काका, एकदा प्रयोगशाळेतल्या नव्या बादलीत बुडवून दाखवा ना." मी म्हटलं, परक्या भांड्यात माझा हात चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या जागी मी असतो, तर ऐकलं नसतं.

त्यात आणखी एक विचित्र प्रकार. माझे आकडे सरकू लागले. दोनशे दहाचे दोनशे चौदा, मग दोनशे बावीस, मग दोनशे पस्तीस. हात तोच, पावडर तीच. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी पावडरला शिव्या घातल्या, पण आतून घाबरलो होतो. हात उतरत असेल तर? वय झालं की तो उतरतो का, आणि असा डिग्री-डिग्रीने उतरतो का? माझी तर मतीच गुंग झाली.

शनिवारी मॅडमनी एक वही दिली. "खोलीत पाऊल टाकल्यापासून तुम्ही जे जे करता, ते सगळं लिहून आणा. फालतू वाटलं तरी लिहा."

माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून रविवारी दुपारी बायकोला लिहायला बसवलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. कुलूप उघडतो. दिवा लावतो. भांड्यावरचं झाकण काढतो. पावडर ओततो, पाणी ओततो, मॅडमचं ते आंबट द्रावण ओततो, ढवळतो. दोन पानं झाली. बायकोने पेन थांबवलं.

"आणि भांडं धुता कधी?"

"धुवायचं कशाला?"

"म्हणजे? एकदाही नाही?"

"अगं, उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, या भांड्याला पाणी लावलंस तर घरी जायचं. भांडं विसळलं की प्लॅटिनम मोरीत जातं. वरच्यावर पुसायचं, तळाचं तसंच ठेवायचं, त्यावर नवं कालवायचं."

"किती वर्षं?"

"एकतीस. आधीची उस्तादांची धरली तर जास्त."

तिने पेन खाली ठेवलं. "अहो, मग त्या बिचारीच्या लेपात तुमचं भांडंच उतरतंय की."

मला राग आला. भयंकर राग आला. आयुष्यात कधी कारखान्यात पाऊल न टाकलेली बाई, घरची पातेली घासता घासता मला माझं काम शिकवते! मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "भांडं स्वच्छ आहे ना?" मी हो म्हटलं होतं आणि ते खोटं नव्हतं. आमच्यात न धुतलेल्या भांड्यालाच स्वच्छ म्हणतात. आतला करडा गुळगुळीत थर मॅडमना भांड्याचंच अस्तर वाटला. मलाही, खरं सांगायचं तर, तसाच वाटू लागला होता.

"हाताचं काही नाही, असं म्हणायचंय तुला?" मी विचारलं.

"मी भांड्याचं म्हटलं," ती म्हणाली आणि वही मिटली.

सोमवारी सगळ्यांच्या आधी गेलो. भांडं आडवं घातलं आणि घासायला बसलो. थर वरून मऊ झालेला होता, मॅडमच्या आंबट द्रावणाने तो आधीच सैल केला होता. खरवडून खरवडून खांदे भरून आले. धुण्याचं पाणी कॅनमध्ये भरत गेलो, मोरीत टाकायला हातच होईना. तासाभराने भांडं निळं निघालं. ते निळं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग त्या निळ्या भांड्यात मॅडमची स्लरी कालवली आणि ठोकळा बुडवला. जीव ओतून बुडवला. एकतीस वर्षांत इतका चांगला कधी बुडवला नसेन. एकही भोक बुजलं नाही, कुठे ओघळ नाही. भट्टीतून काढून तपासणीवाल्याकडे स्वतः घेऊन गेलो आणि स्टूल ओढून समोर बसलो.

दोनशे दहा गेलं. दोनशे पस्तीस गेलं. तीनशेला मी उठून उभा राहिलो. तीनशे बेचाळीसला काटा हलला.

यंत्रापेक्षा दोन डिग्री वाईट.

"काका, आज काय झालं?" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. गुरुवार तीन दिवसांवर आला होता. मी त्यांना खोलीत नेलं, निळं भांडं दाखवलं, कॅन दाखवले आणि उस्तादांपासून बायकोपर्यंत सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या, चक्क फरशीवर. मग हसल्या. "जे घातलंच नाही, ते कशाला शोधायचं, म्हणून मी प्लॅटिनमची तपासणीच केली नाही," त्या म्हणाल्या. हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

दुपारपर्यंत माझे जुने ठोकळे तपासून झाले. सगळ्यांत प्लॅटिनम होतं, पण फार तर नेहमीच्या तिसाव्या भागाइतकं, आणि भांड्यातला थर झिजत गेला तसं दर ठोकळ्यात आणखी कमी, म्हणून आकडे सरकले होते. तेवढ्याने एकट्याने काहीच व्हायला नको होतं. तांब्या-मँगनीजच्या संगतीने मात्र ते होत होतं. आता हे अपयश की यश, हे मॅडमना ठरवता येईना. चोराला कंटाळा यावा इतकं कमी प्लॅटिनम, पण प्लॅटिनम तर आहेच. त्या मला विचारत होत्या, "काका, मी आनंदी व्हायचं का?"

साहेबांना असे प्रश्न पडत नाहीत. त्यांनी यंत्राच्या टाकीत मोजून चिमूटभर प्लॅटिनम घालायला लावलं. बुधवारी यंत्राचा ठोकळा दोनशे आठला चालू झाला. गुरुवारी ट्रकवाले बघून गेले आणि खूश झाले. पुढच्या सोमवारी माझ्या खोलीला कुलूप लागलं.

मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं. त्याहून वाईट हे, की कारखानाभर माझ्या प्रामाणिकपणाचे गोडवे गातात. साहेबांनी सगळ्यांना उभं करून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी मान खाली घालून उभा होतो, तर त्याला विनय म्हणाले.

परवा मॅडम पॅकिंगला आल्या. बराच वेळ खोक्यांच्या थप्पीशी घुटमळल्या.

"काका, तुम्ही गप्प बसला असतात, तर गुरुवारी तुमचेच ठोकळे गेले असते. खोली राहिली असती. तुम्ही का घासलंत ते भांडं?"

मी खूप वेळ विचार केला होता याचा. "मॅडम, खरं शोधायला नाही घासलं. भांडं धुतलं तरी माझा हात चालतो, हे बायकोला दाखवायचं होतं."

त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मी पुढचा खोका ओढला, पट्टी ताणली आणि एका दमात लावली. एका रेषेत बसली, एकही सुरकुती नाही. हात चांगलाच आहे माझा. त्याबद्दल आता कुणी विचारत नाही, एवढंच.