गाळणीमागची चिप

मित्रांनो, बंदरावरच्या मदतकेंद्रातल्या जुन्या रेडिओत राहणारी मी एक चिप आहे. दिसायला मुंगळ्यासारखी, काळी आणि पुष्कळ पायांची. पण माझ्यावाचून त्या रेडिओचे पान हलत नसे. बोटींकडून येणाऱ्या लहरी मोजून त्यांचे आकडे करायचे, हे माझे काम. त्या आकड्यांतून पुढे माणसांचा आवाज तयार होई.

लहरी फार चपळ आणि मी सावकाश मोजणारी. म्हणून मला बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. लहरीकडे सतत न बघता मी ठरलेल्या तालात अधूनमधून बघत असे. गरगर फिरणारा पंखा कधी कधी संथ फिरताना दिसतो ना, तशी ती लहर मला संथ दिसे, आणि तिच्यातले बोलणे मात्र जसेच्या तसे हाती लागे. यात मेख एकच होती. दुसऱ्याच कुठल्या तरी लहरीही मला हुबेहूब तशाच दिसत. म्हणून माझ्या पुढ्यात एक गाळणी बसवली होती. ती फक्त बोटींच्या लहरी आत सोडी.

केंद्रात बोटींशी बोलायला एक ताई बसे. तिचा थोरला भाऊ मासेमारीची बोट चालवी. "दादा, निघालास का?" असे विचारल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

खाऱ्या हवेने गाळणी गंजली आणि आवाज बारीक झाला. दुरुस्तीवाल्या काकांनी ती काढून तिथे साधी तार जोडली. आवाज एकदम खणखणीत येऊ लागला.

"वा काका, दादा शेजारी बसून बोलतोय असं वाटतं," ताई म्हणाली.

"सध्या चालू दे. नवी गाळणी आली की बसवतो."

नवी गाळणी आली आणि कपाटात राहिली. चालत्या रेडिओला उगाच हात कशाला लावायचा, असे सगळ्यांना वाटले. माझी वाहवा होत होती, आणि मला ती आवडत होती.

मग एका दुपारी वादळ उठले. दादाच्या बोटीत पाणी शिरले. तो आपले ठिकाण सांगू लागला, आणि नेमके तेव्हाच मालधक्क्यावरचे ट्रकवाले त्यांच्या वायरलेसवर बोलू लागले. त्यांची लहर वेगळी होती, पण मला ती दादाच्या लहरीसारखीच दिसली. मी दोन्ही एकत्र मोजल्या.

"दादा, नीट कळत नाहीये. परत सांग," ताई म्हणत राहिली. तो परत परत सांगत राहिला. मध्येच कुणीतरी पोती कुठे उतरवायची ते विचारत होते.

काय घडते आहे ते केंद्रातच असलेल्या काकांच्या लक्षात आले. त्यांनी धावत जाऊन कपाट उघडले आणि गाळणी बसवली. तेवढा वेळ रेडिओ मुका राहिला. मग दादाचा आवाज स्वच्छ आला, ठिकाण कळले, बचावाची बोट सुटली. दादाचे सगळे खलाशी पाण्यात तरंगताना जिवंत सापडले. दादा सापडला नाही. ताई 'परत सांग' म्हणत होती म्हणून तो रेडिओपाशीच थांबला, असे त्यांनी सांगितले.

मित्रांनो, मी येईल ते मोजते, मला निवडता येत नाही. म्हणून विनवते, एखादी वस्तू काढून टाकण्याआधी ती तिथे कशासाठी होती ते विचारा. आणि तात्पुरते जोडलेले वेळेवर सोडवा.

त्यानंतर ताईने काकांना एकदाच विचारले, "गाळणी बसवायला किती वेळ लागतो हो?"

"चहा होईपर्यंत," काका म्हणाले. त्यांना मान वर करता येईना.

समुद्रावर अजून बोटी होत्या, म्हणून ताई रेडिओसमोर जाऊन बसली.