चित्र एकीकडे, डोळा दुसरीकडे

कीबोर्डच्या दोन बटणांच्या फटीत अडकलेला निळ्या खडूचा कण – कापडावर खुणा करायचा, शिंपीकामाचा खडू – त्याने नखाने उकरला, आणि तो आणखीच आत गेला. झालं! आता जन्मभर तिथेच. लॅपटॉपवर बसताना हात धुवावेत एवढी अक्कल नाही, आणि ही बाई व्हिडिओ काढून जगाला शिवण शिकवणार! स्क्रीनवर रेघा ओढून बाहीचा मुंढा कसा आखायचा ते दाखवायचं, ते रेकॉर्ड करायचं, बायकांना पाठवायचं… आणि रेकॉर्ड काय होतं, तर काळोख. आवाज स्वच्छ, चित्र ठार काळं. महिन्याभरात ही सहावी खेप.

पाचही वेळा त्याने बोट टेकवून टेकवून समजावलं होतं. वहिनी, यात चित्र काढणारी कार्डं दोन. स्क्रीन रंगवतं एक, आणि तुमचा रेकॉर्डर बघत बसतो दुसऱ्याकडे. चित्र एकीकडे, डोळा दुसरीकडे – मग काळं नाही येणार तर काय येणार? रेकॉर्डरच्या नावापुढे 'वीज वाचवा' निवडायचं, तो बंद करून पुन्हा उघडायचा. दोन मिनिटांचं काम. आणि वहिनी दरवेळी तितकेच मोठे डोळे करून म्हणायच्या, अगंबाई, असं असतं होय! दादाने काय बघून लग्न केलं कोण जाणे. चार दिवसांत सेटिंग पुन्हा उलटं. अपडेटने बदललं असेल म्हणावं, तर अपडेटलाही दुसरं घर सापडत नाही.

ऑफिसात एकोणीस वर्षं… साहेबाच्या केबिनपासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत कुठेही काही अडलं की त्याच्याच नावाने हाका. आठ महिन्यांपूर्वी त्याचा तो कॉम्प्युटरचा विभागच बंद केला. हातात फुलं देऊन मॅनेजर म्हणाला, आता जरा आराम करा. गाढव! प्रिंटरमध्ये कागद कुठून घालायचा हे ज्याला शेवटपर्यंत कळलं नाही, तो मला आराम शिकवणार. आठवड्याभरात फोन येईल, गयावया करतील, असं मी धरून चाललो होतो… नाही आला. असो. हल्ली फोन येतो तो दोन मजले खालच्या या घरातून, वहिनींचा – "भाऊजी, परत बिघडलं हो."

"ताट वाढू का रे?" आतून आई.

"वेळ नाही मला."

दरवेळी तो नाही म्हणायचा आणि दरवेळी बसायचा. आईचं मन मोडू नये म्हणून, दुसरं काही नाही.

सेटिंग उलटंच निघालं. ते सरळ करण्याआधी आवाजात खरखर आहे का बघावं, म्हणून त्याने हेडफोन चढवले आणि सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. काळी चौकट. मग आईचाच आवाज.

"आलं का गं काळं?"

"आलंय की. ठार काळं. आता करते भाऊजींना फोन."

"एक दिवस कळेल हं त्याला."

"छे हो! परवा नुसतं जेवायला बोलवायला गेले, तर दार किलकिलं करून म्हणाले, वेळ नाही. दाढी वाढलेली, आत पडदे ओढलेले… दोन दिवस पोटात काही नव्हतं, मी सांगते तुम्हाला. बिघडलंय म्हटलं की दहा मिनिटांत हजर. दाढी करून!" मग घोगरा आवाज काढून – "'चित्र एकीकडे, डोळा दुसरीकडे!' पाठ झालंय मला."

दोघी हसल्या. आईचं हसणं मधेच तुटलं, नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो आई, रडताय काय? येतील आता."

त्याचा हात हनुवटीवर गेला. गुळगुळीत होती.

मूर्ख बाई. पुरावासुद्धा पुसता येत नाही! काळ्यात बघण्यासारखं काही नाही, तर ऐकण्यासारखंही नसेल असं वाटलं असेल तिला… दया. माझ्यावर दया! आत्ताच्या आत्ता उठावं, हे त्यांच्यासमोर मोठ्याने लावावं, नाटकं बंद करा म्हणावं आणि चालू पडावं. आणि मग? मग फोन येणार नाही. ऑफिसचा येत नाही तसा हाही नाही. पाच वेळा त्याने लहान मुलीला समजावतात तसं समजावलं होतं, आणि ती समोर बसून, मान डोलावत… त्याच्या कानशिलांना चटका बसला. लाजच होती ती, दुसरं काही नाही.

"झालं का, भाऊजी?" वहिनी दारात. त्याने घाईने ते बंद केलं. "काय होतं हो?"

"अपडेट."

"अगंबाई! परत होईल का?"

तेच मोठे डोळे. त्याने आत तो तिटकारा शोधला, न बोलावता येणारा, इतकी वर्षं सोबत केलेला. होता, पण बाईवर टेकेना.

"होईल," तो म्हणाला. "चार दिवसांत होईल."

वहिनींची नजर हेडफोनवर गेली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जेवून जाताय ना?"

वेळ नाही, हे शब्द जिभेवर तयारच होते. पण तोंडाबाहेर पडण्याआधीच ते त्याला ऐकू आले – किलकिल्या दाराआडून, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात – आणि पोटात भूक अशी उसळली की त्याला स्वतःचीच किळस आली… परवापासूनची भूक असावी ती.