खोपटं हलवलं त्या दिवशी

काशीरामनं खोपटाच्या मागच्या भिंतीचा कूड खालून उपटला आणि तसाच डोक्यावर घेतला. करवीच्या काठ्यांवरचे शेणमातीचे पोपडे त्याच्या खांद्यावर गळत होते. चिमा, त्याची बायको, चुलीजवळ पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याभोवतीचं घर उचललं जात होतं, चूल तेवढी जागेवर होती.

"तू उठू नको," तो म्हणाला. "किंजळाची सावली हाय पोरीला. तिकडं खोपटं उभं झालं का हाक मारतो."

मालन दोन वर्षांची. अंगावरचा गोवर मावळला होता, पण ताप छातीत उतरला होता. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

सकाळी दोघं तिला घेऊन आधी धरणाच्या वसाहतीतल्या दवाखान्यात गेली. तिथं कंपाउंडरनं विचारलं, "प्रकल्पावर कामाला कोण आहे? कार्ड कुठाय?" काशीराम कातकरी, कोळसा पाडणारा. धरणावर त्यानं कधी पाटीही उचलली नव्हती. "मग जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात न्या," कंपाउंडर म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

गावातल्या त्या दवाखान्यात नर्स यमुनाबाईंनी पोरीच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्या औषधाच्या कपाटाकडे वळल्याही होत्या. तेवढ्यात आतून डॉक्टरसाहेबांनी विचारलं, राहायला कुठं? शहाण्या माणसानं गावातल्या एखाद्या वाडीचं नाव ठोकून दिलं असतं. काशीरामनं खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, ती जागा प्रकल्पाची, तिथल्या माणसांचं प्रकल्पानं बघावं, वरून तसं बजावलंय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर पाहुणी बोलायलाही शिकली नव्हती.

यमुनाबाई पायरीपर्यंत आल्या. राहवेना म्हणून म्हणाल्या, "हद्दीच्या दगडाच्या अलीकडे राहत असतास ना, तर मी घरी येऊन सुई दिली असती रे."

बाईंनी हे आपलं त्याचं मन राखायला म्हटलं. काशीरामनं ते ऐकून ठेवलं.

त्र्याऐंशी साली मोजणीवाल्यांनी तो दगड माळावर पुरला, तेव्हा खोपटं तिथं होतंच. दगड खोपटाच्या गावाकडच्या अंगाला पडला आणि खोपटं प्रकल्पात गेलं, एवढंच. कोणी काशीरामला विचारलं नव्हतं, आणि त्यालाही आजपर्यंत त्या दगडाचं काही पडलं नव्हतं.

सावर्ड्याच्या मोठ्या दवाखान्याकडे जाणारी एस.टी. निघून गेली होती. परतताना तो चिमाला म्हणाला, "खोपटं हलवतो." तिला त्यात नवल वाटलं नाही. कोळशाची भट्टी जिकडं, तिकडं त्यांचं घर जायचं. आता दवाखान्यासाठी जाईल.

दुपार कलली तेव्हा तो शेवटचा कूड न्यायला आला.

"पाणी घेतलं काय तिनं?"

"निजली," चिमा म्हणाली आणि पदर पोरीच्या तोंडावर ओढला. "माशा बसतात."

"बरं झालं. निजू दे." त्याला हुरूप आला. दगडाच्या गावाकडच्या बाजूला त्यानं कूड उभे केले, वेलानं आवळले, वर पेंढा पसरला आणि तसाच घामाघूम गावाकडे धावला.

"बाय, आलो दगडाच्या अलीकडं! चल सुई घेऊन."

यमुनाबाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी पिशवी उचलली आणि साहेबांना न विचारताच निघाल्या.

नवं खोपटं गावाच्या हद्दीत नीट उभं होतं. आत कोणी नव्हतं. चिमा दगडापलीकडे, उघड्या पडलेल्या जमिनीवर, चुलीजवळ तशीच बसलेली होती.

"चिमा, आण गो तिला!" काशीराम दगडाजवळून ओरडला. "बाय आली!"

चिमा हलली नाही.

"अगो, आण की!"

"आता सुई नको," ती म्हणाली. "तू कूड नेत व्हतास, तवाच गेली ती."

तो म्हणाला, "मग मला बोलली का नाय?"

"तुजं हात थांबलं असतं."

यमुनाबाईंनी दगड ओलांडला. गुडघ्याएवढाही नव्हता तो, एका पावलात मागे पडला. त्या मातीत बसल्या, पदर बाजूला केला, सकाळसारखाच पोरीच्या छातीवर हात ठेवला आणि रडू लागल्या.

काशीराम अजून दगडाच्या अलीकडेच उभा होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"बाय," त्यानं विचारलं, "तुला चालतं व्हय तिकडं गेलेलं?"