वरचा धक्का

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाला भिंतीवरच्या नकाशापुढे जाऊन उभा राहायचा आणि गोंधळून जायचा. नकाशा नदीचा होता. नंबर काढताना वाचायला लावतात तो अक्षरांचा तक्ता जिथे टांगला होता, त्याच्या शेजारीच त्याने तो डकवला होता. त्यामुळे डोळे तपासायला आलेली माणसं अक्षरं सोडून जंगलच वाचायला लागायची. एका आजोबांनी तर तक्त्याकडे बघायचं नाव न घेता "इथे मगर काढली आहे" असं ठणकावून सांगितलं. त्यांचा नंबर काढण्यात अर्धी दुपार गेली.

बेत तसा साधा होता. निदान ताईने सांगितला तेव्हा साधा वाटला होता. बारा महिने पावसात भिजणारं दाट जंगल, त्यातून वाहणारी नदी, छोटी बोट आणि दिवसभराची फेरी. काठावर माकडं, पाणमांजरं, मगरी, ज्याच्या नशिबात जे असेल ते. बोटीत चष्मेवाला आणि त्याची बायको, दादा आणि वहिनी, आणि मध्ये ताई. अडचण एवढीच, की चष्मेवाला आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते.

आई गेली तेव्हापासूनचं होतं ते. आई दादाकडे राहायची. ती आजारी पडली, दवाखान्यात गेली, तिची वाचा गेली, आणि हे चष्मेवाल्याला कळलं ते सगळं संपल्यावर. दादाचं म्हणणं होतं, "तू लांब. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला? दोन दिवसांत घरी आणू असं वाटलं होतं." चष्मेवाला आला, सगळं उरकेपर्यंत थांबला, आणि निघताना दारात चपला घालता घालता एवढंच म्हणाला, "मला सांगायचं होतंस, दादा." तिथून जो अबोला धरला तो धरलाच. काय लागतं हो सांगायला? एक फोन! या एका विचाराने त्याला इतकी वर्षं कुरतडलं होतं, आणि वरवर मात्र तो म्हणायचा, माझं काही म्हणणंच नाही.

आता दादाच्या छातीत दोनदा कळ येऊन गेली होती. हेही त्याला ताईकडूनच कळलं.

"छोट्या, हे बघ," ताई फोनवर म्हणाली. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी घरात त्याला अजून छोट्याच म्हणत. "तुम्हा दोघांना घरात समोरासमोर बसवलं तर एक जण उठून जाईल. बोटीतून उठून कुठे जाल? पाण्यात मगरी आहेत."

चष्मेवाल्याने तारीख विचारली.

मग ठरवाठरवी सुरू झाली आणि जो काही घोळ झाला म्हणता! दादा ताईला सांगणार, ताई छोट्याला सांगणार, छोट्याचं उत्तर पुन्हा ताईमार्फत दादाकडे. ताईच्या घरी कुकरच्या शिट्ट्या चालू, नातवंडांचा धुडगूस चालू, त्यात ती निम्मं ऐकायची आणि उरलेलं स्वतःच्या पदरचं घालायची. दादाने सांगितलं की दुर्बीण छोट्याने आणावी, त्याचा तो धंदाच आहे. छोट्याने विचारलं, लांबचं दिसणारी आणू की रुंद दिसणारी? ताईने दादाला विचारलं, "छोट्या विचारतोय, लांब हवी की रुंद?" दादाला वाटलं बोटीबद्दल चाललंय. तो म्हणाला, "रुंद. लांब असली की डुलते फार, तुझ्या वहिनीला मळमळतं." आता डुलणारी दुर्बीण कुठली, आणि वहिनींना तिने मळमळायचं कारण काय, यावर चष्मेवाला दोन दिवस विचार करत बसला.

"दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना ग?" त्याने बायकोला विचारलं.

"तुम्हीच फोन करून विचारा की," बायको म्हणाली. ती त्याच्यासाठी आणलेला डाळिंबी शर्ट घडी घालून परत पिशवीत ठेवत होती, कारण भडक कपड्यांनी प्राणी बिचकतात असा दादाचा निरोप आला होता.

"मी? मी कशाला करू?"

"मग बसा दुर्बिणी डुलवत."

त्यानंतर एका संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन आला. "दादा म्हणतो, खालच्या धक्क्यावर नुसती जत्रा असते, आवाजाने एक प्राणी दिसत नाही. आपण वरच्या धक्क्यावरून बोट पकडू. तुझं काय म्हणणं?"

चष्मेवाला फोन कानाला लावूनच नकाशापाशी गेला. नदीवर बोटी लागायच्या दोन जागा होत्या. एक धक्का नकाशाच्या तळाशी, एक पार माथ्यावर. त्याने माथ्यावरच्या धक्क्यावर बोट टेकवलं आणि त्याला एकदम बरं वाटलं. "वरचाच बरा," तो म्हणाला. "मी तेच म्हणणार होतो. सांग त्याला, वरचा."

"अगबाई! तुमचं एकमत झालं?" ताईचा आवाज चिरकला.

झालं खरं. आणि तिथेच माशी शिंकली. ती नदी नकाशावर खालून वर वाहत होती. डोंगर तळाशी, समुद्र माथ्याशी. दादाची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्याच्या लेखी वर म्हणजे जिकडून पाणी येतं ती बाजू. आणि चष्मेवाल्याचा जन्म तक्त्याकडे काठी दाखवत "वरची ओळ वाचा" म्हणण्यात गेलेला. त्याचं वर म्हणजे भिंतीवर वर. दोघंही "वरचा" म्हणाले, दोघंही मनातून सुखावले, आणि ज्याने त्याने आपापली जागा आपापल्या धक्क्यावर राखून ठेवली. जागा राखून ठेवणाऱ्या फोनवरच्या माणसाला चष्मेवाल्याने मुद्दाम बजावलं होतं, "नकाशात सगळ्यात वर आहे तो." त्या माणसापुढेही तोच नकाशा होता. तो म्हणाला, "मिळेल की."

निघायच्या आदल्या दिवशी ताईने पाय मुरगळल्याचं कळवलं. पाय मुरगळलेल्या बाईचा आवाज इतका खुशीत कसा, हे चष्मेवाल्याला कळेना. "मला सोडून जा," ती म्हणाली. "आणि छोट्या, आता मध्ये मी नाही हं. काय बोलायचं ते तूच बोल."

काय बोलायचं? रात्रभराच्या बसमध्ये तो हेच ठरवत होता. "काय दादा, बरं आहे ना?" हे फारच कोरडं. "तब्येत काय म्हणते?" हे दवाखान्यातल्यासारखं. पहिलं वाक्य नीट पडलं तर पुढचं निभावेल असं त्याला वाटत होतं आणि ते वाक्य काही केल्या सुचत नव्हतं.

धक्क्यावर पोचले तेव्हा उजाडलं होतं. पत्र्याचं छप्पर, ओली बाकं, पाण्यावर धुकं आणि पलीकडे झाडांची हिरवी भिंत. बोट लागलेली होती. माणसं चढत होती. त्यांत दादा नव्हता. वहिनीही नव्हती.

"येतील," बायको म्हणाली.

नाही आले. बोटवाल्याने एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. चष्मेवाल्याने दादाचा नंबर लावला. स्वतःच्या हाताने, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. फोन लागला नाही. जंगलात त्या भागात फोन लागतच नव्हता.

"बघितलंस?" तो बायकोवर उखडला. "आलाच नाही! मला इथवर बोलावलं आणि स्वतः आला नाही. हा असाच आहे. पहिल्यापासून असाच. सांगायची पद्धतच नाही यांच्यात!" रागाच्या भरात त्याने बोटवाल्याला जायला सांगितलं. बोट गेली आणि त्याचा राग तिच्याबरोबरच ओसरला. उरला तो नुसता गोंधळ. न यायचं असतं तर दादाने धक्का कुठला घ्यायचा हे कशाला कळवलं असतं?

धक्क्यावरचा कारकून भला होता. "काही वेळा पाहुणे चुकून दुसऱ्याच धक्क्यावर जातात," तो म्हणाला. "तिथल्या ऑफिसात विचारतो." टेबलावर वायरलेसचा संच होता. त्याने दोन्ही बाजूंची नावंगावं सांगितली आणि माईक चष्मेवाल्याच्या हातात दिला. "बटण दाबून बोला, सोडून ऐका."

चष्मेवाल्याने बटण दाबलं. "माझे दादा आहेत का तिथे? उंच, पांढऱ्या मिशा. छातीचा त्रास आहे त्यांना."

खरखर झाली. मग पलीकडचा आवाज आला, "मिशावाले ना? ते वर गेले, साहेब."

 चष्मेवाल्याने टेबलाची कड धरली. बायकोने त्याचा दंड धरला.

"कधी?"

"सकाळीच. चहा पुढ्यात तसाच राहिला बघा. म्हणाले, चला, उशीर नको, आणि गेले."

याही वेळी. याही वेळी सगळं होऊन गेल्यावर त्याला कळत होतं. तो धक्क्यावर उभा राहून ज्याला शिव्या घालत होता तो तेव्हा...  "वहिनी?" तो कसाबसा म्हणाला. "वहिनींना कुणी आहे का बघायला?"

"वहिनी म्हणजे त्यांच्या बाई ना? त्या पण वर गेल्या. बरोबरच."

"दोघंही?"

"दोघंच कशाला, आठ जण होते. एक डॉक्टर पण होते त्यांच्यात. सगळे एकदमच वर गेले."

"अरे देवा!" बायको मटकन बाकावर बसली. चष्मेवाला बटण दाबून ओरडला, "बोट बुडाली? कुठे बुडाली?"

 मग तो आवाज जरा घुश्शात आला. "बुडायला काय झालंय? नवी बोट आहे आमची! वर गेले म्हणजे नदीच्या वर, साहेब. डोंगराकडे. हा वरचा धक्का आहे, इथून वरच जातात. तुम्ही खालच्या धक्क्यावर बसून आमची बोट कशाला बुडवताय?"

खालच्या धक्क्यावर? चष्मेवाल्याने भिंतीकडे बघितलं. तिथेही तोच नकाशा होता. मग त्याने खिडकीतून नदीकडे बघितलं. ती आपली निवांत समुद्राकडे चालली होती. नकाशातला वर आणि नदीचा खाली त्याच्या डोक्यात एकदा गरगरले, आणि मग हळूहळू सगळं जागेवर बसलं. कारकून तोंडावर हात धरून हसू दाबत होता. बायको रडता रडता हसत होती. चष्मेवाल्याला मात्र हसूच येईना.

"बोटीवर वायरलेस आहे का?" त्याने विचारलं. "मला त्यांच्याशी बोलायचंय. आत्ता."

जोडून द्यायला थोडा वेळ लागला. खरखर, मग कुणाचा तरी खोकला, मग पुन्हा खरखर.

"दादा?" त्याने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. "दादा, मी आहे. मला वाटलं तू गेलास. इथला माणूस म्हणाला वर गेले आणि मला वाटलं... मी तुला शिव्या घालत होतो रे इथे उभा राहून. आणि तू गेलास आणि मला परत कुणी सांगितलं नाही. आईच्या वेळी पण नाही सांगितलंस. मला तिला बघायचं होतं, दादा. तिला बोलता येत नव्हतं तर नव्हतं, मी नुसता बसलो असतो तिच्याजवळ. एवढंच होतं माझं म्हणणं. तेवढं तरी मला..."  बटण मात्र घट्ट दाबलेलंच होतं.

"साहेब," कारकून हळूच म्हणाला, "सोडा ते. तुम्ही धरून ठेवलंत तर ते बोलणार कसे?"

त्याने बटण सोडलं.

"छोट्या." दादा अगदी कुजबुजत बोलत होता. "ऐकलं सगळं. बोटीतल्या आठही जणांनी ऐकलं. चुकलो रे मी. तुला फोन करायला घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तुला सांगितलं असतं म्हणजे ती जाणार हे खरं झालं असतं. माझ्यात तेवढा दम नव्हता." थोडी खरखर झाली. "मोठ्याने बोलता येत नाही. समोर पाणमांजरं आलीत."

"किती?" चष्मेवाल्याने डोळे पुसत विचारलं.

"चार. नाही, थांब, पाच. एकाच्या तोंडात मासा आहे, दुसरं तो ओढतंय. तुझी वहिनी हसतेय, तिला सगळे गप्प करतायत. आता पाणमांजरं काठाला गेली. मुळांमध्ये शिरली. दिसत नाहीत आता."

कारकुनाला संच हवा होता. दुसरी बोट सुटायची वेळ झाली होती. त्याने हात पुढे केला, तेव्हा चष्मेवाल्याच्या बायकोने मान हलवली. "राहू द्या हो जरा," ती म्हणाली. तो हात मागे घेऊन बाहेर गेला.

 मग खरखर झाली.

"छोट्या, आता काही नाहीये. नुसतं पाणी आहे."

"बरं," चष्मेवाला म्हणाला.

पुन्हा खरखर. "अजून पाणीच आहे रे."

"असू दे," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून संचाजवळ बसला. "तू सांगत राहा."