टाकीतल्या पात्यांना खत

ऊर्जानगरच्या क्वार्टरात सोमाजीचा जीव काही रमेना. बायको रुखमा गेली, मूल गावची धानशेती बटईनं दिली आणि मुलानं, प्रफुलनं, म्हाताऱ्याला इथं आणून बसवलं. आता बसणं या माणसाला जन्मात कधी जमलं होतं? दारापर्यंत जायचा, परत खुर्चीत यायचा, पंखा बंद करायचा, पुन्हा लावायचा. सून रोशनीला ते दिसत होतं. माहेरी कुरखेड्याला जाताना तिनं आपली लाडकी माशांची टाकी त्याच्या हवाली केली. आतली लांब पात्यांची रोपं तिनं स्वतः निवडून रेतीत रोवली होती. दिवा किती वेळ लावायचा, सडकं पान कसं खुडायचं, नळाचं पाणी आधी ड्रमात का ठेवायचं, सगळं समजावलं. सोमाजी खूश झाला. बरं झालं, काम मिळालं!

पण पाती पिवळी पडू लागली आणि म्हाताऱ्याची झोपच उडाली. उभ्या जन्मात धान पिकवलं आणि चार पाती राखता येऊ नयेत? पिवळं पान दिसलं की युरिया, हे त्याच्या हाताला डोक्याआधी ठाऊक. मागच्या अंगणातल्या मिरच्यांसाठी आणलेला पडलाच होता. दिला टाकून.

सकाळी पाहतो तर मासे पाण्यावर येऊन तोंडं वासत होते. एक तर आडवाच. फोन घ्यावा, ठेवावा, पुन्हा घ्यावा. सुनेला कळलं की संपलं, पुन्हा ती खुर्ची आणि तो पंखा. शेवटी लावला. चिमूटभर युरिया टाकला म्हणून सांगितलं.

रोशनीला ते खरं वाटेना. "बाबा, खरं सांगा. तेच्या हिशेबानं पाणी बदलावं लागते. किती टाकला?"

सोमाजीला स्वतःची लाज वाटली.

"मूठभर," तो म्हणाला. "भरून मूठ."

ती ओरडली नाही. मासे ड्रमातल्या पाण्याच्या बादलीत घ्या, हवेची नळी त्यात सोडा, मग सारी टाकी उपसा, रेतीसुद्धा धुवा, रोपं पुन्हा रोवून ड्रमातलंच पाणी भरा, असं सांगत तिनं फोन चालूच ठेवला. सोमाजीला धाप लागली, घरभर पाणी झालं. आडवा मासा गेला तो गेलाच. बाकीचे संध्याकाळी पात्यांत फिरू लागले.

तेही त्यानं कळवलं, आणि ती काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाला, की आता टाकी प्रफुलनं पाहावी.

"त्यायले काय समजते?" रोशनी म्हणाली. "तुमी पिवळी पानं कैचीनं काढा. बाकीची कशी आहेत ते उद्या मले सांगा."

म्हाताऱ्याला रडूच फुटलं. कैची कुठी ठेवली, एवढंच त्यानं कसंबसं विचारलं.