हिरव्या दांड्याची नळी

“डॅड, उद्या ट्रक मी एकटीने गावात नेऊ?”

हा प्रश्न विचारायची पैज कलिनाच्या मैत्रिणींनी लावली होती. शेल्बी आणि मॅकेना म्हणाल्या होत्या, “लायसन्स मिळून तीन आठवडे झाले, अजून आईच्या शेजारी बसून चालवतेस. विचारून दाखव. नाहीतर वर्षभर शाळेच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसायचं, चिल्ल्यापिल्ल्यांत.” म्हणून कलिनाने जेवताना विचारून टाकलं.

“गहू कापणीला आलाय, परवा पाऊस सांगितलाय आणि हिला मिरवायला जायचंय,” तिचे वडील ऑरेस्ट म्हणाले.

“अरे, जाऊ दे तिला. आपली टाकी रिकामी आहे, डिझेलचा टँकर सोमवारपर्यंत काही येत नाही. कुणीतरी जायलाच हवं ना?” तिची आई लॉरेन म्हणाली.

मित्रांनो, तो ट्रक म्हणजे मी. सॅस्कॅचवान प्रांतातल्या माळावरच्या एका शेतातला जुना डिझेल पिकअप ट्रक. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच मला उभं करतात, त्यामुळे घरातलं बहुतेक सगळं मला ऐकू येतं.

ओंटारियोच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा माझा रंग काळ्या द्राक्षासारखा गडद होता. गिडोंनी, म्हणजे कलिनाच्या आजोबांनी, मला कोराकरकरीत घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवर बियाण्याची पोती लादली. मला त्याचा फार अभिमान वाटला. उणे पस्तीस थंडीत जन्मलेली वासरं मी माझ्या सीटवर बसवून आणली आहेत. एक तर थेट गिडोंच्या मांडीवर बसून आलं. हिवाळ्याच्या रात्री इंजिन गोठू नये म्हणून माझ्या नाकातून लोंबणारी वायर भिंतीतल्या विजेला जोडायची असते. ते काम गिडो स्वतः करायचे, कुणावर सोडायचे नाहीत. “हा उठला नाही तर आपणही उठलो नाही,” असं म्हणायचे.

मग अंगणात नवा ट्रक आला. माझा रंग उडाला, कप्प्यात उंदरांनी घर केलं. मला शेतातली किरकोळ कामं उरली. माझ्या पाठीवर एक लोखंडी टाकी बसवली. तिच्यात डिझेल भरायचं, शेतात न्यायचं आणि गहू कापणाऱ्या कम्बाइनला तिथेच पाजायचं. वाढप्याचं काम म्हणा. पण माझी तक्रार नव्हती.

शनिवारी सकाळी कलिना माझ्यावर स्वार झाली. काय ऐट होती तिची! आरसे तीनदा सारखे केले, केस चारदा. गावातून शेल्बी आणि मॅकेनाला उचललं आणि आईस्क्रीम मिळतं म्हणून आम्ही हायवेवरच्या नव्या पंपावर गेलो.

आमच्या अंगणातल्या डिझेलच्या नळीचा दांडा हिरवा आहे. गावातल्या जुन्या पंपावरचाही हिरवाच. इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांना वाचता यायच्या आधीपासून माहीत असतं की हिरवा म्हणजे डिझेल. त्यामुळे पुढे वाचायची सवय कुणाला लागतच नाही. पण या पंपावर हिरवा दांडा पेट्रोलचा होता आणि डिझेलचा काळा.

“फोटो काढ गं, हात दिसू दे,” कलिना म्हणाली आणि हिरवा दांडा उचलला. पेट्रोलची नळी बारीक असते, माझ्या तोंडात अलगद जाते. तिने मला भरलं. मग पाठीवरची टाकीही काठोकाठ भरली.

मला पहिल्या घोटातच कळलं. पण मला सांगता कुठे येतं?

मित्रांनो, डिझेल हे माझं अन्नही आहे आणि वंगणही. पेट्रोल पोटात गेलं की माझ्या पंपातलं पोलाद पोलादावर कोरडंच घासतं. टाकीच्या तळाशी थोडं डिझेल शिल्लक होतं, तेवढ्यावर मी मैत्रिणींना गावात सोडलं आणि खडीच्या रस्त्याने अकरा किलोमीटर स्वतःला ओढत आणलं. मग आतून हातोडे बसायला लागले. आमचं शेत समोर दिसत असताना, अगदी कुंपणाला लागून, मी बंद पडलो.

कलिनाने बॉनेट उघडलं आणि पेट्रोलच्या वासाने नाक मुरडलं. मग खिशातून पंपाची पावती काढून वाचली. एकदा, पुन्हा एकदा. तिचे कान लालभडक झाले. तिने पावतीची बारीक घडी करून ती बुटात कोंबली.

तेवढ्यात शेजारचे कॉर्नी फ्रीसेन त्यांच्या गाडीतून आले. “काय गं पोरी, म्हाताऱ्याने मान टाकली?”

“हो ना, कॉर्नीकाका. वय झालंय त्याचं.”

“तुझ्या डॅडला सांग, घाल आता भंगारात. म्हणशील तर मीच ओढून नेतो.” ते हसले आणि निघून गेले.

भर रस्त्यात बंद पडल्याची लाज मला वाटतच होती. पण तिच्या त्या वाक्याने तर बॉनेट मिटून घ्यावंसं वाटलं. सगळ्यात वाईट म्हणजे, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. वाटलं, तरण्या ट्रकने हे पेट्रोलसुद्धा पचवलं असतं. तुमच्यावर कुणी दोष ढकलला तर असंच होतं का? माझं तरी झालं.

शेतातून ऑरेस्ट आले, मागोमाग गिडोही; लॉरेन शेतात कम्बाइनवर बसली होती. कलिना बाजूला उभी राहिली. ते आत बसून किल्ली फिरवत राहिले. “चल रे. आजचा दिवस चल. एवढी वर्षं चाललास, आणि नेमका आज अडतोस?” दर वेळी माझ्या पंपावर ओरखडे उठत होते. कलिना खडीकडे बघत होती.

शेवटी ते उतरले. “मरू दे. याला नंतर बघू. लॉरेन, कम्बाइन कुंपणापाशी घे. पाठीवरची टाकी तर भरलेली आहे ना?”

लॉरेनने ते भलंमोठं यंत्र माझ्या शेजारी आणून लावलं. गिडोंनी माझ्या पाठीवरच्या टाकीची नळी उलगडली, हळूहळू कम्बाइनची शिडी चढले, झाकण उघडलं. मी काय करणार होतो? माझा हॉर्नसुद्धा कुणीतरी दाबावा लागतो. ते यंत्र बंद पडलं तर उद्याच्या पावसात सगळा गहू उभ्याउभ्या भिजणार होता.

“गिडो, झाकण लावा,” कलिना म्हणाली.

“काय म्हणतेस?”

“ते डिझेल नाहीये. पेट्रोल आहे. ट्रकमध्ये पण तेच भरलंय. मी.” तिने बुटातून पावती काढून वडिलांच्या हातात दिली.

गिडोंनी नळीचं तोंड हुंगलं आणि झाकण लावलं. ऑरेस्टनी पावती वाचली.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“कॉर्नीकाका यायच्या आधीपासून.”

“आणि मी किल्ली फिरवत बसलो होतो.”

“हो.”

“तू बघत होतीस.”

“हो, डॅड.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कुंपणाला टेकून उभे राहिले आणि टोपी काढून पुन्हा घातली. गिडो शिडी उतरता उतरता म्हणाले, “ऑरेस्ट, नळी आत जायच्या आधी बोलली पोर. तेवढं तरी बघ.”

मित्रांनो, कुठल्याही यंत्राच्या तोंडात काही ओतण्याआधी नुसता रंग बघू नका, नाव वाचा. आणि चुकलातच तर किल्ली फिरवायच्या आधी सांगा. आम्हाला बोलता येत नाही, ते काम तुमचंच आहे.

“आता आज डिझेल कॉर्नीकडेच मिळेल,” लॉरेन म्हणाली.

ऑरेस्टनी तोंड वाकडं केलं. “म्हणजे उद्या सकाळी गावातल्या कॉफीच्या टेबलावर हाच विषय. म्हातारे महिनाभर चघळतील. एक कर कलिना, त्याला सांग की टँकर आला नाही. ते काही खोटं नाही. ट्रक म्हातारा आहे हे तर त्याला पटलेलंच आहे.”

कलिनाने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. 

“नाही, डॅड. मॉम, तूही ऐक. कॉर्नीकाकांकडे मी चालत जाते. डिझेल मी मागते, आणि पेट्रोल मी भरलं, ट्रकची काही चूक नव्हती, हेही मीच सांगते. चघळू देत. परत आल्यावर याची टाकी मी उपसणार.”